‘पाहू’ आणि ‘नाही’

आपल्या मराठी भाषेला ‘नाही’ या शब्दाचे थोडे वावडेच आहे. दुकान बंद करायचे असले की आपण ते ‘वाढवतो’. नारळ फोडत नाही, तोही ‘वाढवतो’. सुवासिनीची बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ म्हणतो. निघालेला पाहुणा ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतो आणि पाठ फिरवतो. या सणाच्या दिवसांत तुमच्या घरून किती माणसे ‘येतो’ म्हणून गेली असतील. पण ती परत येतील म्हणून तुम्ही दार उघडे ठेवून बसला नसाल! बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला संकेत सारखाच ठाऊक असतो. म्हणून त्या ‘येतो’त खोटे काही नसते, असलाच तर जिव्हाळा असतो.

मी आजवर याच समाधानात होतो. गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने ते मोडले.

आमचे किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले गाव. शिवारात सोयाबीन, तूर आणि थंडीत हरभरा. पुतण्या पुण्याला एका कंपनीत आहे, आणि तिचे गिऱ्हाईक जर्मनीत. धनत्रयोदशीला तो आला तो उदास चेहऱ्याने. फराळाचे ताट तसेच राहिले. रात्री ओसरीवर बसलो असता म्हणाला, “काका, एक विचारू? मी खोटं बोललो का, तेवढं सांगा.”

झाले होते असे. जर्मन गृहस्थांनी दूरध्वनीवर विचारले, “काम शुक्रवारपर्यंत होईल?” ते होणार नाही हे पुतण्याला दिसत होते. पण मोठ्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर एकदम नाही कसे म्हणायचे? तो म्हणाला, “प्रयत्न करतो.” आपल्याकडे एवढ्यावर समजणारा समजला असता. त्या गृहस्थांनी मात्र ‘होईल’ असे ऐकले आणि शुक्रवारच्या भरवशावर आपली पुढची सगळी मांडणी केली. शुक्रवारी काम अपुरे निघाले, तेव्हा त्यांनी चारचौघांना वाचता येईल असे पत्र लिहिले : आपण मला चुकीची माहिती दिली.

“मी होय म्हटलंच नव्हतं,” पुतण्या म्हणाला.

याचे सोपे उत्तर तयार आहे. एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९५९ साली अबोल भाषेवर एक पुस्तक लिहिले आणि १९७६ साली आणखी एक. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, काही समाजांत अर्थ शब्दांत असतो आणि काही समाजांत शब्दांच्या अवतीभोवती : कोण बोलला, कोणाशी बोलला, किती थांबून बोलला, यात. जर्मन आणि स्विस पहिल्या टोकाला, जपानी आणि अरब दुसऱ्या. आपण या दुसऱ्यांच्या पंगतीला बसणारे. तेव्हा पुतण्याला सांगावे, “बाबा रे, चूक तुझी नाही, त्याचीही नाही, रीती वेगळ्या.” मी तसे सांगितलेही. त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. रीत वेगळी म्हटले म्हणजे कोणीच जबाबदार राहत नाही. आणि नुकसान तर कोणाचे तरी झालेलेच असते.

त्या रात्री मला लहानपणचा बैलबाजार आठवला. दोन दलाल समोरासमोर उभे राहत आणि उपरण्याखाली एकमेकांचा हात धरत. एक बोट धरले की एक, पंजा धरला की पाच. दहाच्या पटीत की शंभराच्या, हे बैलाकडे पाहूनच कळायचे. तोंडाने बोलायचे ते पावसापाण्याचे. भाव फिसकटला तरी कोणाची फजिती नाही, कारण कोण कुठे अडले हे तिसऱ्याला कळतच नसे. केवढी सभ्यता! मी त्या हातांकडे तोंडात बोट घालून पाहत असे. बैलाचा धनी मात्र बाजूला दावे धरून उभा असे, हे मी तेव्हा पाहिले नव्हते. बैल त्याचा, पोट त्याचे. आणि उपरण्याखाली काय ठरले ते त्याला दलाल सांगेल तेवढेच.

कापसाच्या आणि धान्याच्या व्यापारातही ही चाल देशात कित्येक ठिकाणी होती. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या आपल्या अहवालात बाजारातल्या असल्या रीतींवर बोट ठेवले. आमच्याच जिल्ह्यातल्या कारंज्याला १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला मानतात. १८९७ साली वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. पुढे उपरण्याखालच्या सौद्याची जागा उघड लिलावाने घेतली. सौदा दोघांचा राहिला, पण तो तिसऱ्याला ऐकू येऊ लागला.

यावरून कोणी म्हणेल, झाकलेला हात पूर्वेचा आणि उघडा शब्द पश्चिमेचा. ही वाटणी मला खरी वाटत नाही. वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलपर्यंत जाई. १८७० साली खामगावला आगगाडी आली, त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने विलायतेला जोडली गेली. तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून विलायती व्यापाऱ्यांनी सांकेतिक शब्दांचे कोश छापून घेतले. एक निरर्थक दिसणारा शब्द धाडायचा आणि पलीकडच्याने कोश उघडून त्यातून अख्खे वाक्य काढायचे. हेही उपरणेच; फक्त सातासमुद्रांएवढे लांब! पण एक फरक होता. तो कोश दोन्ही पेढ्यांवर असे. ज्याच्याकडे कोश नाही, त्याला तसली तार पाठवण्याचा वेडेपणा कोणी करत नसे.

कोश एकाकडेच असला म्हणजे काय होते, ते जपान आणि अमेरिकेने पाहिले. १९६९ च्या नोव्हेंबरात जपानचे पंतप्रधान सातो वॉशिंग्टनला गेले. जपानी कापडाची आयात आवरावी असा अमेरिकेचा आग्रह होता. सातो नेमके काय म्हणाले यावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण आपल्याला वचन मिळाले अशी अध्यक्ष निक्सन यांची समजूत झाली, आणि जपानकडून काहीच घडेना तेव्हा आपण फसवले गेलो असे त्यांना वाटले. करार व्हायला १९७१ चा ऑक्टोबर उजाडला. तोवर दोन मित्रराष्ट्रांमध्ये चांगलीच कटुता आली होती.

एवढे सगळे आठवून झाले, तरी पुतण्याच्या प्रश्नाशी मी अडूनच होतो. उत्तर दूरच्या देशात नव्हते. ते आमच्याच ओसरीवर होते, आणि मी ते पन्नासांहून अधिक वर्षे टाळत आलो होतो.

माझे वडील गावात शब्दाचे गोड म्हणून नावाजलेले. एका साली रोहिण्या सरत आल्या असताना शेजारचा शेतकरी बियाण्यापुरते पैसे मागायला आला. वडिलांकडे पैसे नव्हते, किंवा त्यांना द्यायचे नव्हते. मला ते कधी कळले नाही. ते म्हणाले, “पाहू ना बाप्पा.” हा नकार आहे हे आईला चुलीपाशी कळले, मला दाराआड कळले. त्या गरजवंताला कळले नाही. मृगाचा पाऊस पडला, जमिनीला वाफसा आला. तो आज येईल बोलावणे, उद्या येईल, म्हणून थांबला. सावकाराकडे गेला तोवर पेरणी मागे पडली होती, आणि उशिराची पेरणी म्हणजे काय हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. दसऱ्याला सोने द्यायला तो आला तेव्हा एवढेच म्हणाला, “भाऊ, तुम्ही ‘पाहू’ म्हनलं, अन् मी वाट पाह्यत राह्यलो.”

तो आमच्याच गावचा, आमच्याच बोलीचा होता. मग त्याला संकेत का कळला नाही? मला वाटते, त्याला तो कळून चालण्यासारखे नव्हते. गरज माणसाच्या कानात बसते आणि ‘पाहू’चे ‘देऊ’ करून ऐकवते. ज्याच्या घरात कणगी भरलेली आहे, त्याला सूचक बोलणे गोड लागते, कारण चुकीचे ऐकण्याची किंमत त्याला मोजावी लागत नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजाचा एक शब्दही खोटा नव्हता. पण खरेपणा बोलणाऱ्याच्या तोंडात मोजायचा नसतो, ऐकणाऱ्याच्या कानात मोजायचा असतो. आणि वाट पाहण्याची किंमत दुसऱ्याला पडणार असेल, तेव्हा स्पष्ट बोलणे ही नुसती रीत राहत नाही. ते कर्तव्य होते.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला मी उलट विचारले, “त्या शुक्रवारची किंमत कोणी मोजली?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “त्यांनी थोडी. जास्त आमच्यातल्या एका नव्या मुलीनं. तिला मी बुधवारी सांगितलं. दोन रात्री जागली.” म्हणजे जर्मन माणसाला राखलेला मान एका पोरीच्या झोपेतून वसूल झाला होता.

यात त्या जर्मन गृहस्थांना मी सोडून देतो असे नव्हे. स्पष्ट बोलायला चारचौघांत पाणउतारा करावा लागत नाही. पैसे देणारा आपलीच रीत जगाची रीत समजतो. मग माल विकणाऱ्याने त्याची भाषा शिकायची आणि त्याने काहीच शिकायचे नाही, असा शिरस्ता पडतो. ‘होईल का?’ असे न विचारता ‘यात अडचण कोणती आहे?’ असे त्यांनी विचारले असते, तर पुतण्याच्या तोंडून सगळे खरे बाहेर आले असते. कोश दोघांनी मिळून करायचा असतो. पण दुसरा करील तेव्हा करील. आपले पान आपण आधी लिहावे.

पाडव्याला सकाळी त्या शेजाऱ्याचा मुलगा आला. तोही आता पिकल्या केसांचा. चहा घेता घेता म्हणाला, “काका, हरभऱ्याच्या बियाण्यापुरतं काही जमते का?” या साली माझ्याकडे खरोखरच नव्हते. जिभेवर ‘पाहू’ आले होते. मी म्हणालो, “नाही रे बाप्पा, या वर्षी नाही जमत. तू आजच दुसरीकडं विचार.”

त्याची कपबशी क्षणभर हातातच राहिली. मग त्याने चहा संपवला, चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि उठला. “बरं झालं काका, आजच सांगतलं,” म्हणाला. “येतो.”

तो फाटकाबाहेर पडताच आमच्या सौभाग्यवती आतून आल्या. “सणासुदीच्या दिवशी तोंडावर नाही म्हटलंत? ‘पाहू’ म्हणायला काय झालं होतं?”

त्यांना ही सगळी हकीगत सांगायला मला संध्याकाळपर्यंतचा वेळ लागला. त्यांना ती पटली की नाही, ते त्यांनी अजून सांगितलेले नाही. विचारले की म्हणतात, “पाहू.”