‘मुलांना आवडच नाही’ म्हणण्याआधी

सुट्टीत धरणगावला गेलो की ओळखीचे कुणी ना कुणी सर सांगतात, “शाळेत चक्कर टाक, दहावीच्या पोरांना सायन्सकडे वळव. त्यांना आवडच नाही रे कशाची.” पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा गावचा मुलगा म्हणून मला हे काम मिळतं. त्यातलं शेवटचं वाक्य मात्र मला खटकतं.

ते वाक्य फार सोयीचं आहे. उणीव मुलांत आहे असं एकदा ठरलं की आपल्याकडे फक्त भाषण उरतं. कलामांचं नाव घ्यायचं, पॅकेजचे आकडे सांगायचे, टाळ्या घेऊन निघायचं. पण उणीव आपल्या शिकवण्यात असेल तर? मग मुलांना प्रोत्साहन द्यायचं की नाही हा प्रश्न मागे पडतो, आणि आपण त्यांचं काय देणं लागतो हा पुढे येतो.

या प्रश्नावर आमच्याच जिल्ह्यात काम झालं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं रावेर तालुक्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांमध्ये. केंद्राचे प्रमुख वि. गो. कुलकर्णी मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. खेड्यातल्या आणि महापालिकेच्या शाळांतल्या मुलांबरोबर काम करताना त्यांना आणि सहकाऱ्यांना एक मोठा अडथळा दिसला, तो म्हणजे पुस्तकाची भाषा. त्यांनी विज्ञानाचे धडे सोप्या मराठीत लिहून पाहिले, तेव्हा मुलांची समज सुधारली. मुलं तीच होती आणि विज्ञानही तेच होतं.

आजच्या दहावीच्या पुस्तकात ‘बाष्पनाचा विशिष्ट अप्रकट उष्मा’ असा शब्द आहे. घरी अहिराणी बोलणारी मुलगी तो पाठ करते आणि परीक्षेनंतर विसरते. पण मे महिन्यात पारा ४५ वर गेला की माठातलं पाणी छान गार होतं आणि पावसाळ्यात तेवढं होत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत असतं. माठातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि ती जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी असेल तर हे भराभर होतं, दमट असेल तर रेंगाळतं. आधी हे तिच्या बोलीत बोलून घेतलं, तर तो अवघड शब्द ओळखीच्या गोष्टीचं नाव म्हणून येतो. आधी शब्द फेकला तर त्याची भिंत होते. मग भिंतीपलीकडच्या मुलीला आपण म्हणतो, हिला आवड नाही.

माझा एक मित्र यावर म्हणतो, “कुतूहल हे पोट भरलेल्यांचं काम. बापावर पीककर्ज असलेल्या पोराला नोकरी हवी.” हे मी हलक्यात घेत नाही. दर महिन्याला पगार होतो, म्हणून मी असं निवांत लिहू शकतो. पण कुतूहल चैनीचं आहे हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण कपाशीच्या शेतात आहे.

बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचं छोटं पाकीट यायचं. ते शेताच्या कडेनं लावायचं होतं. अनेकांनी लावलं नाही. बीटीचं विष पचवणाऱ्या थोड्या अळ्या असतातच. त्यांच्या पतंगांना बिगर-बीटी झाडांवर वाढलेले साधे जोडीदार मिळाले, तर पुढच्या पिढीत ती ताकद मोडते. नाही मिळाले, तर विष पचवणाऱ्यांचीच संख्या वाढते. त्यात फरदडीमुळे अळीला जास्त महिने खायला मिळालं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रात कापसाची वाट लावली. पुस्तकातली उत्क्रांती बांधापलीकडे चालू होती, आणि तिचा हिशेब पैशांत झाला. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण त्या छोट्या पाकिटामागचं ‘का’ त्याला कुणी नीट समजावलं होतं?

म्हणून गावच्या मुलांना मी नोकरीचं आमिष दाखवत नाही. दहा वर्षांनी कोणती नोकरी टिकेल हे मला माझ्याच क्षेत्रात सांगता येत नाही, मग त्यांना वचन कशाच्या जोरावर देऊ? खात्रीनं देता येईल असं एकच आहे. त्यांनी त्यांच्या शब्दांत ‘का’ विचारलं, तर कुणी हसणार नाही आणि उत्तर त्यांना कळेल अशा भाषेत मिळेल. पुढे त्यातली एखादी इंजिनिअर होईल, एखादा जिनिंगमध्ये मशीन दुरुस्त करेल, कुणी शेतीच करेल. यातलं काहीही झालं तरी ते शिकणं वाया जाणार नाही.

तुम्हीही सुट्टीत गावी जात असाल आणि शाळेत बोलावणं आलं, तर भाषण तयार करून नेऊ नका. पुस्तकातला एक अवघड शब्द निवडा. तो गावात कुठे घडतो हे मुलांनाच विचारा, आणि ती ज्या बोलीत उत्तर देतील त्या बोलीत ऐका.