सोडलेला पडदा

मयूरी कांगो यांचे नाव निघाले, की लोक हळहळतात: ‘गुणी नटी, पडदा उगीच सोडला!’ 1995 च्या ‘नसीम’मध्ये मरणपंथाला लागलेल्या आजोबांपाशी बसणारी नात ज्यांनी पाहिली, त्यांची हळहळ मला समजते. पुढे त्या न्यूयॉर्कला जाऊन व्यवस्थापनशास्त्र शिकल्या आणि 2019 मध्ये गूगलच्या भारतातील कचेरीत अधिकारी झाल्या. मग ही हळहळ कोणासाठी? मला वाटते, ती आपल्या स्वतःसाठीच असते. माझ्या वर्गातला गोड गळ्याचा मुलगा उद्या हिशेबनीस झाला, तर गावही असेच हळहळेल. दुसऱ्याचा गुण ही आपण आपली ठेव समजतो. गुणाचे ऋण असते, हे खरे. पण भूमिका मनापासून वठवली की ते फिटते. नट आपल्याला काम देतो, आयुष्य लिहून देत नाही.