रेघ, चेहरा आणि इन्साफ

रेषांनी सांगितलेली गोष्ट अधिक खरी, की हाडामांसाच्या माणसांनी वठवलेली? हॉलिवूडच्या कंपन्यांनी आपलेच जुने कार्टूनपट खरी माणसे घेऊन नव्याने काढण्याचा धडाका लावला, तेव्हापासून हा वाद घरोघर चालतो. पालघर, बोईसर-तारापूरकडच्या घरांतली मुलेही तो तावातावाने घालतात. मोठी माणसे त्याकडे पोरखेळ म्हणून पाहतात. आम्हांस मात्र त्यात एक नैतिक प्रश्न दिसतो. दुसऱ्या माणसाचे चित्र उभे करताना आपल्यावर कोणती जबाबदारी येते? ज्यांचे चित्र बहुतेक वेळा दुसऱ्यांनीच काढले, त्या आम्हा मुसलमानांना तर हा प्रश्न टाळताच येणार नाही.

अल्लादीनचेच पाहू. अठराव्या शतकाच्या आरंभी हलब शहरातल्या हन्ना दियाब या ख्रिस्ती कथेकऱ्याने पॅरिसमध्ये आंत्वान गालां या फ्रेंच भाषांतरकाराला ही गोष्ट सांगितली. 'अलिफ लैला'च्या जुन्या अरबी हस्तलिखितात ती नव्हती, आणि गोष्टीतला अल्लादीन राहतो चीनमध्ये. म्हणजे मुळातच ती अनेकांच्या हातून घडलेली. डिस्नेने 1992 साली तिचे कार्टून काढले. त्यात नायक-नायिका अमेरिकी वळणाच्या चेहऱ्यांचे, अमेरिकी उच्चारांत बोलणारे. पहारेकरी आणि बाजारातली माणसे मात्र मोठ्या नाकांची, बोजड उच्चारांची. सुरुवातीच्या गाण्यात कान कापण्याचा उल्लेख होता. अमेरिकेतल्या अरबांनी आक्षेप घेतल्यावर 1993च्या व्हिडिओ आवृत्तीत ती ओळ बदलली, पण त्या मुलखाला रानटी म्हणणारा शब्द तसाच राहिला. 2019 साली खरी माणसे घेऊन चित्रपट पुन्हा निघाला, तेव्हा तोही शब्द गेला. अल्लादीन झाला कैरोत जन्मलेला मीना मसूद, आणि शहजादी झाली नाओमी स्कॉट, जिची आई गुजराती वंशाची.

म्हणजे माणसे आली आणि इन्साफ झाला, असे म्हणावे काय? इतक्या लवकर नाही. या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात एक गोष्ट घडली. डिसेंबर 2015मध्ये अमेरिकेतल्या 'पब्लिक पॉलिसी पोलिंग' या संस्थेने मतदारांना विचारले, अग्रबावर बॉम्ब टाकावेत काय? रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांपैकी 30 टक्के 'हो' म्हणाले, डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांपैकी 19 टक्के. अग्रबा हे अल्लादीनच्या कार्टूनमधले गाव. ते नकाशावर कुठेही नाही. नाव अरबी वाटले एवढेच पुरे झाले. कागदावर काढलेल्या गावावर खरे बॉम्ब टाकायला माणसे तयार झाली. चित्र निरुपद्रवी असते असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि 'खऱ्या माणसांच्या' चित्रपटातले खरेपण तरी कितीसे? 2016च्या 'जंगल बुक'मध्ये मोगली झालेला मुलगा खरा. बाकी सारे रान लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत संगणकावर उभे केलेले. 2019च्या 'लायन किंग'मध्ये तर कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य अवघे एकच, असे दिग्दर्शक जॉन फॅवरो यांनी सांगितले होते. उरलेला सिंहाचा प्रत्येक केस संगणकाने काढलेला. जुने कार्टून निदान कबूल करीत होते की मी चित्र आहे. नवे चित्र मी चित्र नाहीच असे भासवते. आम्हांस यातले पहिले अधिक प्रामाणिक वाटते. जे चित्र स्वतःला आरसा म्हणवते, त्याला प्रश्न विचारायचे आपण विसरून जातो.

पालघर जिल्ह्यात तर चित्राच्या प्रामाणिकपणाचा वस्तुपाठच आहे. वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोल. डोळे नाहीत, नाक नाही. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे यांनी ही भिंतीवरची, तांदळाच्या पिठाची कला जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. त्या चित्रात तारपा वाजतो, शेत लावले जाते, लग्न लागते. पण हा अमक्या जातीचा चेहरा, असे ते चित्र कधी सांगत नाही. माणसाला ते त्याच्या कामावरून ओळखते.

चेहरा न काढण्याचा अदब आमच्याकडेही आहे. मुस्तफा अक्काद यांचा 'द मेसेज' 1976 साली आला, तर पैगंबरांच्या जीवनावरचा कार्टूनपट 2002 साली तयार झाला. एक माणसांचा, दुसरा रेषांचा. दोन्हींत हुजूर दिसत नाहीत. कॅमेरा असो की कुंचला, एका मर्यादेशी दोघेही थांबले. पण त्या अदबाच्या नावाखाली काय झाले, तेही सांगितले पाहिजे. अँथनी क्विन यांनी हजरत हमजांची भूमिका केली होती. ते पैगंबर झाले आहेत अशी अफवा पसरली. मार्च 1977मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका गटाने शंभरावर माणसे ओलीस धरली. चित्रपट बंद करा, ही त्यांची एक मागणी होती. रक्त सांडले, तेही न पाहिलेल्या चित्रासाठी. पुढे 2005 साली अम्मानच्या बॉम्बस्फोटात खुद्द अक्काद मारले गेले. इस्लामचे नितळ चित्र जगापुढे ठेवणारा माणूस इस्लामचे नाव घेणाऱ्यांच्याच हातून गेला.

न पाहिलेल्या चित्रासाठी रक्त सांडायला वॉशिंग्टनपर्यंत जावे लागत नाही. 16 एप्रिल 2020च्या रात्री याच जिल्ह्यात, गडचिंचले येथे, मुले पळवणारी टोळी फिरते या अफवेच्या काळात जमावाने दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना ठार केले. जमावाने समोरची माणसे पाहिलीच नाहीत. अफवेने आधीच काढून ठेवलेला चेहरा त्यांच्यावर चिकटवला. आणि लगेच दुसरे चित्र देशभर फिरू लागले, की हे काम मुसलमानांचे. अखेर 22 एप्रिलला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्यांची यादी देऊन सांगावे लागले, की त्यात एकही मुसलमान नाही. एका चित्राने तीन जीव घेतले, दुसऱ्याने एक कौम आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली.

म्हणून आमचे म्हणणे असे, की गुन्हा रेषेचा नाही, कॅमेऱ्याचाही नाही. 'हे लोक असेच असतात' या दाव्याचा आहे. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करण्याची, एकमेकांची टर न उडवण्याची आणि फाजील संशयापासून दूर राहण्याची ताकीद आहे. माणसाचे चित्र काढणाऱ्याला आणि ते पाहणाऱ्याला याहून वेगळा नियम लागत नाही. तो आपल्यालाही लागू आहे. तारापूरच्या कारखान्यांत परप्रांतातून आलेला कामगार, डोंगरपाड्यावरचा वारली, शेजारच्या गल्लीतला दुसऱ्या जमातीचा मुसलमान, यांच्याविषयी आपल्या घरांत कोणते कार्टून चालते, हे ज्याने त्याने पाहावे.

मुले विचारतील, दोन्हींतला कोणता अल्लादीन चांगला? त्यांना दोन्ही खुशाल पाहू द्यावेत. फक्त एवढे विचारायला शिकवावे, की हे चित्र कोणी काढले, आणि ज्याचे काढले त्याला कोणी विचारले होते काय?