शिफ्टच्या घड्याळात नमाज : इस्लाममधील सुखाचा विचार

इस्लाममध्ये खऱ्या सुखाची जागा माणसाच्या काळजात मानली आहे. घर, पगार, मुलेबाळे, आरोग्य यांना हा धर्म तुच्छ लेखत नाही. त्या अल्लाहच्या देणग्या आहेत आणि त्यांचा आनंद घ्यायला मोकळीक आहे. पण सगळे हाताशी असूनही काळीज अस्वस्थ राहू शकते, आणि बरेच काही हातून गेल्यावरही ते स्थिर राहू शकते, हे कुराणाने ओळखलेले आहे. काळजाला स्वस्थता कशाने लाभते, याचे उत्तर तेराव्या सूरेच्या (अध्यायाच्या) अठ्ठाविसाव्या आयतीत (वचनात) आहे : अल्लाहच्या स्मरणाने. सोळाव्या सूरेतील सत्त्याण्णवावी आयत त्याला कृतीची जोड देते. श्रद्धा ठेवून सत्कर्म करणाऱ्या कोणाही स्त्री-पुरुषाला चांगले जगणे लाभेल, असे आश्वासन तिथे आहे. स्मरण काय आणि सत्कर्म काय, दोन्ही रोज करण्याच्या गोष्टी. म्हणून हे सुख अवचित सापडत नाही, ते वागण्यातून घडत जाते. आणि रोजचे वागणे म्हटले की माणूस किती वाजता उठतो, कुठे राबतो, त्याचा वेळ कोणाच्या ताब्यात असतो, हे प्रश्न आलेच. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ते उघड दिसतात, कारण इथला दिवस सूर्यापेक्षा शिफ्टवर जास्त चालतो.

हा पट्टा सत्तर वर्षांत उभा राहिला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली, भोसरीत एमआयडीसी वाढली, १९८२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज यांचे कारखाने चाकणला सुरू झाले. तांबोळी, मुलाणी, अत्तार, इनामदार अशी मराठी बोलणारी मुस्लिम घरे आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या होतीच. त्यांच्यात मराठवाडा, सोलापूर, उत्तर प्रदेश, बिहार इथून आलेल्यांची भर पडली. कोणी वेल्डर, कोणी फिटर, कोणी भंगाराच्या धंद्यात. चार पैसे शिल्लक पडावेत, गावाकडे घर बांधावे, मुलांना शिकवावे, या ओढीने माणसे आली आणि अजून येत आहेत.

या ओढीत पाप नाही. हलाल कमाईसाठी राबणे हे इस्लाममध्ये पुण्याचेच काम आहे. कुराण सावध करते ते चढाओढीबद्दल. एकशेदोनावी सूरा अवघ्या आठ आयतींची आहे आणि तिचा सारा रोख एका गोष्टीवर आहे : जास्त, आणखी जास्त मिळवण्याच्या नादात माणूस कबरीपर्यंत पोहोचतो. पैगंबरांच्या एका हदिसचा, म्हणजे परंपरेने जपलेल्या वचनाचा, आशय असा की माणसाला सोन्याने भरलेले एक खोरे दिले तर तो दुसरे मागेल. दुसऱ्या एका हदिसमध्ये श्रीमंती मालमत्तेच्या ढिगाने मोजू नये, मनाच्या तृप्तीने मोजावी, असे सांगितले आहे.

न भरणाऱ्या मनाची अशीच एक कथा या पट्ट्याच्या कुशीत, देहूत सांगितली जाते. अनगडशहा नावाच्या फकिराजवळ एक कटोरा होता. त्यात कितीही भिक्षा घातली तरी तो भरत नसे. फिरत फिरत तो तुकोबांच्या दारी आला. घरात देण्यासारखे फारसे काही नव्हते. तुकोबांच्या लहानग्या लेकीने मूठभर पीठ आणून घातले आणि कटोरा भरून सांडू लागला. वारकरी परंपरा ही कथा तुकोबांचा अधिकार दाखवण्यासाठी सांगते आणि ते योग्यच आहे. पण फकिरी मार्गाच्या अंगानेही ती तितकीच खरी वाटते : देणाऱ्याच्या मनात हिशेब नसेल तर मूठभरही पुरते. देहूहून तुकोबांची पालखी निघाल्यावर तिची पहिली अभंग-आरती आजही अनगडशहांच्या दर्ग्यापाशी होते. तिथून थोड्या अंतरावर तळवड्याची एमआयडीसी सुरू होते.

मन का भरत नाही, याचा इस्लामी विचारवंतांनी खोलवर शोध घेतला. कुराणात मनाच्या तीन अवस्थांचा उल्लेख येतो. पहिल्या अवस्थेत मन वाईटाकडे ओढते, दुसरीत ते स्वतःलाच दोष देते, तिसरीत ते शांत होते. एकोणनव्वदाव्या सूरेच्या अखेरीस अल्लाह या शांत झालेल्या मनाला आपल्याकडे बोलावतो. सुख म्हणजे पहिल्या अवस्थेकडून तिसरीकडचा प्रवास, ही सूफींची मांडणी यातूनच आली. तिचा सर्वांत मोठा भाष्यकार इमाम गझाली. बगदादच्या निजामिया मदरशात तो प्रमुख अध्यापक होता. मान, शिष्य, दरबारी वजन, सगळे होते. १०९५ साली त्याची वाचाच बसली. शिकवायला तोंड उघडावे तर शब्द फुटेना, अन्न गिळवेना. आपण जे शिकवतो ते अल्लाहसाठी की नावासाठी, या प्रश्नाने त्याला ग्रासले होते. पद सोडून तो दमास्कस आणि जेरुसलेमला गेला आणि कित्येक वर्षे एकांतात राहिला. ११११ मध्ये तो वारला. उत्तरायुष्यात त्याने फारसीत ‘कीमिया-ए-सआदत’, म्हणजे सुखाची किमया, हा ग्रंथ लिहिला. त्याचा पाया चार ओळखींवर आहे : स्वतःची ओळख, अल्लाहची ओळख, या जगाची ओळख आणि मृत्यूनंतरच्या जगाची ओळख. क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याला राग कशाने येतो, हाव कुठे सुटते हे ज्याने पाहिले नाही, त्याची प्रार्थना ओठांपुरती राहते, असे गझालीच्या एकूण विचारातून निघते.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठी ओवीत लिहितात आणि त्यात विकारांशी होणारी मनाची लढाई रंगवतात. जन्माने मुसलमान, गुरुपरंपरेने सूफी आणि भाषेने अस्सल मराठी असा हा संत अजून आपल्याकडे पुरेसा वाचला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आता या विचाराचे रोजचे रूप. दिवसातून पाच वेळा नमाज हा त्याचा कणा. फजर (पहाट), जोहर (दुपार), असर (तिसरा प्रहर), मगरीब (सूर्यास्त), इशा (रात्र) या वेळा सूर्यावर ठरतात. पट्ट्यातला कामगार मात्र फर्स्ट, सेकंड आणि नाइट अशा तीन शिफ्टमध्ये फिरत असतो. पुण्याच्या परिसरात जूनमध्ये फजरची वेळ पहाटे साडेचार-पावणेपाचला सुरू होते. फर्स्ट शिफ्टच्या माणसाला वजू करून (हात-तोंड-पाय धुऊन), नमाज पढून, डबा घेऊन कंपनीची बस पकडता येते. जानेवारीत तीच वेळ पावणेसहाच्या सुमारास सुरू होते, तेव्हा काही बस निघायच्या बेतात असतात. मग नमाज घाईत होते किंवा उतरल्यावर सूर्योदयाआधी जागा शोधावी लागते. जोहर दुपारी साडेबाराच्या आसपास लागते आणि तिला काही तासांची मुभा असते, त्यामुळे जेवणाची सुट्टी पुरते. अडचण येते ती सेकंड शिफ्टला. असर आणि मगरीब दोन्ही लाइन चालू असताना येतात आणि मगरीबची वेळ जेमतेम सवा तासाची. सुपरवायझर समजूतदार असला, शेजारच्या मशिनवरचा साथीदार पाच मिनिटे सांभाळून घेणारा असला, तर काम निभावते. हा साथीदार बहुधा हिंदू असतो. दिवाळीत हाच हिशेब उलटा फिरतो. वेळ निसटलीच तर नंतर कजा, म्हणजे चुकलेली नमाज, पढावी लागते.

बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा जाच वाटेल. श्रद्धावंताचा अनुभव वेगळा असतो. लाइनवर माणसाचा प्रत्येक सेकंद मोजलेला असतो आणि तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो. नमाजची पाच-सात मिनिटे त्या मालकीबाहेरची. कपाळ जमिनीला टेकते तेव्हा मान झुकते ती केवळ अल्लाहपुढे, ठेकेदारापुढे नव्हे. दिवसभर हुकूम झेलणाऱ्या माणसाला हे केवढे मोठे बळ देते, हे ज्याला कधी हुकूम झेलावे लागले नाहीत त्याला सहज कळणार नाही. नमाजच्या रांगेत इंजिनिअर आणि हेल्पर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. आधी येणारा पुढे, उशिरा येणारा मागे, एवढाच तिथला नियम.

शुक्रवारीही काम आणि नमाज यांचा मेळ घालावा लागतो. पिंपरी-भोसरीच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. जुम्मा, म्हणजे शुक्रवारची सामूहिक नमाज, त्यामुळे कामाच्या दिवशी येतो. कुराणाने मात्र शुक्रवार हा दिवसभराच्या विश्रांतीचा दिवस केलेलाच नाही. बासष्टाव्या सूरेत सांगितले आहे की जुम्म्याची हाक आली की व्यवहार सोडून या, आणि नमाज झाली की पुन्हा पांगून अल्लाहची कृपा, म्हणजे रोजी, शोधा. काम आणि इबादत, म्हणजे उपासना, एकमेकांच्या वाटेत येणाऱ्या गोष्टी मानलेल्या नाहीत, याचा हा स्पष्ट पुरावा आहे. दुपारी एक-दीडच्या सुमारास नेहरूनगर, कासारवाडी, आकुर्डी, चाकण इथल्या मशिदींबाहेर दुचाकींची गर्दी होते. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र आणि खिशातून काढलेली टोपी. खुतबा, म्हणजे प्रवचन, ऐकून, दोन रकातींची नमाज पढून ही माणसे अर्ध्या तासात परत गेटवर असतात.

नमाज पढली की मन लगेच शांत झाले, असे मात्र होत नाही आणि इस्लामी परंपरेने तसा दावाही केलेला नाही. पैगंबरांचे लेखनिक हंजला यांची हदिस या बाबतीत फार दिलासा देणारी आहे. पैगंबरांजवळ असताना आपले मन उंचावते आणि घरी बायकामुले, शेतीवाडी यांत गुंतले की ती स्थिती उरत नाही, म्हणजे आपण ढोंगी झालो, अशी त्यांना भीती वाटली. पैगंबरांनी त्यांना समजावले की ती स्थिती सदासर्वकाळ टिकत नसते, कधी ही वेळ तर कधी ती. सुखाला सतत उचंबळलेली भावना समजणाऱ्या आजच्या काळात हे उत्तर अधिकच मोलाचे आहे.

रमजानमध्ये हीच शिस्त शरीरावर उतरते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०२२ मध्ये तो एप्रिलच्या उन्हात होता, २०२५ मध्ये मार्चमध्ये. पेंट शॉपमध्ये किंवा भट्टीजवळ रोजा धरून उभे राहणे सोपे नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे. सेकंड शिफ्टला कँटीनच्या कोपऱ्यात खजूर आणि पाणी समोर ठेवून चार जण मगरीबची वाट पाहतात, तेव्हा घोटभर पाण्याची किंमत कळते. शुक्र, म्हणजे कृतज्ञता, इथे उपदेशाने शिकावी लागत नाही.

जकातीचे गणित नेमके आहे. साडेबावन्न तोळे चांदी किंवा साडेसात तोळे सोने एवढ्या किमतीची शिल्लक पूर्ण चांद्र वर्षभर राहिली तर तिच्यातला चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, गरजूंचा. तो उपकार म्हणून द्यायचा नसतो, त्यांचा हक्क म्हणून पोहोचवायचा असतो. देण्याने काळजावरची मालकीहक्काची पकड सैल होते. गझालीच्या भाषेत हीच किमया. व्याजाचा प्रश्न मात्र अवघड आहे. कुराणाने व्याज निषिद्ध ठरवले आहे, आणि इथले फ्लॅट, रिक्षा, टेम्पो, लेथ मशिन सगळे हप्त्यांवर चालते. काही उलेमा, म्हणजे धर्मपंडित, गरजेपोटी मुभा देतात, बरेच देत नाहीत. अनेक घरांत ही टोचणी कायम असते. श्रद्धेने सगळे प्रश्न सुटतात असे म्हणणाऱ्याने ही टोचणीही लक्षात घ्यावी.

आणि मग येतो सब्र, म्हणजे धीर. मुस्लिम शरीफ या हदिससंग्रहातल्या एका हदिसचा आशय असा की श्रद्धावंताचे सगळेच भले असते : चांगले घडले तर तो शुक्र करतो, वाईट घडले तर सब्र. हे म्हणणे सोपे, निभावणे कठीण. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतील भंगार गोदामे, पत्र्याच्या शेड, छोटी वर्कशॉप अशी हजारो बांधकामे अनधिकृत म्हणून पाडली. तिथल्या धंद्यात मुस्लिमांची संख्या मोठी होती. बांधकामे कायदेशीर होती की नाही हा वेगळा विषय. वर्षानुवर्षांची कमाई काही दिवसांत ढिगाऱ्यात गेली की माणूस कशाच्या आधाराने उभा राहतो, हा इथला विषय. माल गेला तरी आपण अल्लाहचे आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत, हा भाव श्रद्धावंताला सावरतो. परलोकावरच्या विश्वासाचा सुखाशी संबंध इथे येतो. पूर्ण सुख या जगात मिळणार नाही हे ज्याने मान्य केले आहे, तो इथल्या नुकसानीला शेवटचा निकाल मानत नाही.

हाच विचार माणसाला मुकाट सोसायला शिकवतो, हा आक्षेप जुना आहे आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. सब्राचा अर्थ अन्याय गिळणे असा लावणारे लोक आहेत. तो अर्थ मूळ शिकवणुकीला धरून नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांध, मग भरवसा ठेव, असे सांगितल्याची हदिस तिर्मिजीच्या संग्रहात आहे. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्यावी, अशीही हदिस आहे. चाकणच्या कंत्राटी कामगाराने हजेरी, पीएफ, ओव्हरटाइम यांचा हिशेब मागणे, युनियनमध्ये जाणे, लेबर ऑफिसची पायरी चढणे हे उंट बांधण्यातच येते. मालक मुसलमान असेल तर घामाची हदिस त्याच्यावर अधिकच बंधनकारक आहे.

मनाच्या आजाराबद्दलही स्पष्ट असायला हवे. गाव सोडून आलेला, एका खोलीत सहा-सात जणांत राहणारा, सततच्या नाइटमुळे झोप उडालेला तरुण खिन्न झाला तर ती त्याच्या इमानातली, म्हणजे श्रद्धेतली, खोट ठरत नाही. पैगंबरांनी उपचार घ्यायला सांगितले आणि प्रत्येक रोगावर औषध आहे असे शिकवले. दुआ आणि डॉक्टर यांत निवड करायची नसते. मशिदीतली ओळखीची माणसे अशा मुलाला जमातीत, म्हणजे सामूहिक नमाजच्या मंडळींत, धरून ठेवतात, जेवायला बोलावतात, तीन दिवस दिसला नाही तर खोलीवर जाऊन दार ठोठावतात. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणाऱ्याचे इमान अपुरे ठरवणाऱ्या या धर्मात, त्या मुलाला दवाखान्यापर्यंत सोबत करणे हा इबादतीचाच भाग आहे.