वेशीबाहेरचा प्रभू

शास्त्रभाग : मार्क 1:40-45, इब्री 13:12-13



समाजाने टाकलेल्या माणसाला इंग्रजीत ‘परायह’ म्हणतात. ऐकायला हा शब्द आपल्या ‘परका’ किंवा हिंदी ‘पराया’ या शब्दांजवळचा वाटतो. पण तो मूळचा तमिळ आहे. ‘परै’ म्हणजे डफासारखे चर्मवाद्य. त्यावरून ‘परैयर’ हे एका जातीचे नाव पडले. उत्सवाला आणि प्रेतयात्रेला गावाला त्यांचे वाद्य हवे असे, त्यांची वस्ती मात्र गावाबाहेर. 17व्या शतकात हे नाव इंग्रजीत गेले व 19व्या शतकात कोणत्याही बहिष्कृताला लागू झाले.

म्हणजे या शब्दाच्या मुळाशी एक वाद्य आहे. तिरस्कार त्यात माणसांनी भरला. आपल्याकडेही हलगी गावात वाजे आणि वाजवणारा वेशीबाहेर राही. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज अशाच वस्त्यांतून प्रभूकडे आले.

नियमशास्त्राप्रमाणे कुष्ठरोग्याने छावणीबाहेर एकटे राहायचे असे. प्रभू येशूला त्याचा कळवळा आला आणि त्याने हात पुढे करून त्याला स्पर्श केला. पुढे काय झाले ते मार्क सांगतो. बरा झालेला मनुष्य लोकांत फिरून ही गोष्ट गाजवू लागला, आणि प्रभूला उघडपणे नगरात जाता येईना. तो बाहेर अरण्यात राहिला. बाहेरचा आत आला आणि प्रभूने त्याची जागा घेतली! शेवटी त्याने मरणही वेशीबाहेरच सोसले. इब्री लोकांस लिहिणारा आपल्याला तेथेच, त्याच्याकडे, बोलावतो.

पण मंडळीनेही कधी वेशी बांधल्या. दक्षिण हिंदुस्थानातील काही मंडळ्यांत जातीप्रमाणे वेगळे बसत, प्रभुभोजनाचा प्यालाही आधी कोणी घ्यावा हे पाहिले जाई. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी मंडळीतून जातिभेद काढून टाकण्याची आज्ञा केली, तेव्हा कित्येक जण मंडळी सोडून गेले.

आज आपण एकाच बाकावर बसतो. पण मुलामुलींची लग्ने जुळवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हळूच विचारला जात नाही काय? शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, वर्गात एखादे मूल एकटे बसते काय? या रविवारी त्याच्या शेजारी जाऊन बसा. प्रभू तेथे आधीच बसलेला आहे.