ऋषिपंचमीचे अळू आणि श्रमाचा प्रश्न

भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीचे व्रत करणाऱ्या स्त्रिया बैलाच्या श्रमातून पिकलेले काहीही खात नाहीत, आणि या नियमामुळे ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांत एरवी मोरीच्या सांडपाण्यावर किंवा सज्जातल्या जुन्या बादलीत वाढणाऱ्या अळूला त्या दिवसापुरते व्रतान्नाचे स्थान मिळते. ‘ऋषीची भाजी’ म्हणून जो पदार्थ शिजतो त्यात अळूसोबत माठ, सुरण, भेंडी, पडवळ, शिराळे, लाल भोपळा, मक्याचे कणीस अशा परसातल्या भाज्या असतात, आणि पुष्कळ घरांत त्याला मसाला व फोडणी वर्ज्य असते. त्यातून उभा राहणारा प्रश्न असा की, अन्नाची शुद्धी त्या पदार्थात असते, की तो मिळवताना कोणाला राबावे लागले यावर ती ठरते?

धर्मशास्त्राने हा प्रश्न निराळ्या अंगाने हाताळला आहे. मनुस्मृतीचा सहावा अध्याय वानप्रस्थाला नांगरलेल्या जमिनीतील अन्न निषिद्ध ठरवतो, तर दहाव्या अध्यायात शेतीला दोष दिला आहे तो लोखंडी फाळ भूमीला आणि तिच्या पोटातील जीवांना मारतो म्हणून; त्या वचनात बैल येतच नाही. नांगरणीवाचून पिकणाऱ्या धान्याला ‘अकृष्टपच्य’ म्हणतात, आणि नीवार, म्हणजे पाणथळीत आपोआप उगवणारा देवभात, हे त्याचे ठळक उदाहरण होय. मुनींच्या या आहारनियमात बैलाला आणले ते व्रतकथेने. कथेतील मुलाच्या घरी त्याचे मृत आईवडील कुत्री आणि बैल होऊन जन्मलेले असतात. आपल्याच श्राद्धाच्या दिवशी बाप उपाशीपोटी राबतो, आणि खिरीत सापाने गरळ टाकल्याचे पाहून ब्राह्मणांचे प्राण वाचावेत म्हणून भांड्याला तोंड लावणारी आई मार खाते. रात्री दोघांचे बोलणे मुलाच्या कानी पडते, तेव्हा तो ऋषींकडे जातो आणि हे व्रत समजून घेतो.

या कथेत पूर्वजन्मीचा अपराध म्हणून रजस्वलेच्या स्पर्शाचा दोष सांगितला आहे, आणि व्रताचे प्रचलित प्रयोजनही तेच मानले जाते. शरीराच्या स्वाभाविक धर्माला पाप ठरवून त्याचा भार स्त्रीवर टाकणारा हा भाग टिकवण्याजोगा नाही. परंतु ज्याच्या खांद्यावर जू ठेवले तो आपला बाप असू शकतो, ही कल्पना त्या दोषावर मुळीच अवलंबून नाही. दोष वगळला तरी तिची धार कायम राहते. देशावर याच्या पाचच दिवस आधी, श्रावण अमावास्येला, पोळा होतो. त्या दिवशी बैलाची पूजा होते, आणि पंचमीला त्याच्या कष्टाचा घास बाजूला ठेवला जातो. पूजेपेक्षा हे न खाणे अधिक अवघड आणि म्हणून अधिक प्रामाणिक वाटते.

आज डोंबिवलीच्या भातखाचरांवर इमारती उभ्या आहेत, आणि बाजारात येणारे पुष्कळसे धान्य ट्रॅक्टरने नांगरलेल्या शेतातले असते. नियम शब्दशः घेतला तर असे धान्य पंचमीला चालायला हवे, पण व्रतस्थ स्त्रिया सहसा ते पानात घेत नाहीत, यावरून बैल हा त्या नियमाचा शब्द असून राबवलेला कोणताही जीव हा त्याचा अर्थ आहे, असे मानण्यास जागा उरते. मग रेल्वे स्थानकाबाहेर मुरबाड-शहापूरकडून डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या बायकांकडून भाजी घेताना, त्यांच्या पहाटेपासूनच्या चालण्याचा हिशेब व्रतात धरायचा की नाही? धरला पाहिजे; निदान त्या दिवशी तरी घासाघीस करू नये, इतके तरी त्या नियमातून निघते.

घरचे अळू हा प्रश्न पूर्ण सोडवत नाही, कारण कुंडीतली मातीही कोणीतरी वाहून आणलेली असते; पण त्यात स्वतःच्या हाताचा वाटा डोळ्यांसमोर असतो. ज्येष्ठात पहिल्या पावसाबरोबर कंद चार बोटे खोल लावला, माती सदा ओली ठेवली आणि दुपारच्या उन्हाचा आडोसा केला, की भाद्रपदापर्यंत पाने हाताएवढी होतात. पाने बाहेरची कापावीत आणि मधली सुरळी राखावी, म्हणजे रोप जिवंत राहून नवी पाने देत राहते. कंद उपटून खाण्यात झाड संपते, आणि जैन आचारात कंदमुळे वर्ज्य मानतात त्यामागे असाही एक विचार आहे.

अळू स्वतःही निमूटपणे खाल्ले जात नाही. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, म्हणून पाने चांगली शिजवून त्यांत चिंच किंवा आमसूल घालण्याची रीत पडली. थंड मुलखात घरोघरी लावतात त्या ऱ्हुबार्बचे (याच कुळीच्या मुळाला औषधांत रेवंदचिनी म्हणतात) देठ खातात आणि पान ऑक्झॅलिक आम्लामुळे टाकून देतात. कोकणातल्या गृहिणीने मात्र अळूचे पानही सोडले नाही आणि देठही, फक्त त्याची खाज आधी समजून घेतली. पंचमीला ती पाने चिरताना हाताला जी खाज सुटते, ती त्या झाडाच्या बाजूने नोंदवलेली हरकत होय.