इन्कलाब आणि सौरा

'इन्कलाब' हा शब्द आपल्याकडे अरबीतूनच आला, फारसी-उर्दूच्या वाटेने. मौलाना हसरत मोहानींच्या घोषणेतून तो भगतसिंगांच्या तोंडी गेला आणि पुढे आपल्या मोर्च्यांचा झाला. पण कैरोत किंवा दमास्कसमध्ये हाच शब्द उच्चारा, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रणगाडे उभे राहतील. आजच्या अरबीत 'इन्किलाब' म्हणजे लष्कराने सत्ता बळकावणे. लोकांच्या क्रांतीला तिथे 'सौरा' म्हणतात. धूळ उठते, माणूस खवळतो, त्याच धातूतून तो शब्द आला आहे. या दोन शब्दांमधली रेघ कुठे ओढायची, हा गेल्या दीडशे वर्षांतल्या अरब राजकीय विचारातला कळीचा प्रश्न आहे असे मला वाटते.

1881 मध्ये अहमद उराबी हा शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला कर्नल सैन्य घेऊन कैरोच्या आबिदीन राजवाड्यासमोर उभा राहिला. मंत्रिमंडळ काढा, प्रतिनिधिसभा बोलवा, ही त्याची मागणी. पुढच्याच वर्षी तेल अल-कबीरला ब्रिटिशांनी त्याला हरवले. त्या फौजेत हिंदी पलटणीही होत्या. उराबीला सिलोनला धाडले गेले आणि त्याने जे केले त्याला त्याचे विरोधक 'हौगा' म्हणू लागले, म्हणजे नुसता दंगा, गोंधळ. 'सौरा' हा मान त्याला पुढे मिळाला. सत्तावनचे 'बंड' की 'स्वातंत्र्यसमर', हा वाद ज्यांनी वाचला आहे त्यांना नावावरून एवढे का झगडावे लागते ते वेगळे सांगायला नको.

त्यानंतर वीसेक वर्षांनी अलेप्पोच्या अब्दुर्रहमान अल-कवाकिबीने जुलूमशाहीच्या स्वभावावर पुस्तक लिहिले. ऑटोमन अंमलाच्या जाचाला कंटाळून तो कैरोत आला होता. 1902 मध्ये तिथेच वारला. पुस्तकाच्या शेवटी त्याने एक अट घातली आहे. जुलमी सत्तेशी झुंजण्याआधी तिच्या जागी काय आणायचे याची तयारी करा. ही अट पहिल्यांदा वाचली तेव्हा ती मला फार सावध, जवळपास भित्री वाटली होती. आता वाटत नाही.

1919 मध्ये राष्ट्रीय नेते साद झगलूल यांना ब्रिटिशांनी माल्टाला हद्दपार केल्यावर इजिप्त रस्त्यावर आला, बुरख्यातल्या स्त्रिया मोर्चे घेऊन निघाल्या, झेंड्यांवर चंद्रकोरीशेजारी क्रूस आला. ती खरोखर लोकांची सौरा होती. पण या शब्दाचे भवितव्य ठरले 23 जुलै 1952 रोजी. त्या रात्री सत्ता घेणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांच्या कृतीला सुरुवातीला 'अल-हरका अल-मुबारका', मंगल चळवळ, म्हटले जात होते. 'सौरा' हे नाव रुळले ते नंतर, आणि त्या अधिकाऱ्यांतल्या नासर यांच्या नावाने 'क्रांतीचे तत्त्वज्ञान' हे पुस्तकही निघाले. या अधिकाऱ्यांना नुसते बंडखोर म्हणून निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते. काही आठवड्यांतच जमीनधारणेवर 200 फेद्दानची मर्यादा आली, 1956 मध्ये सुएझ कालवा देशाचा झाला. इन्किलाबाने सौरेची काही कामे केली, आणि म्हणूनच रेघ पुसली गेली.

मग 1958 मध्ये इराक, 1963 मध्ये सीरिया, 1969 मध्ये लिबिया. प्रत्येक ठिकाणी पहाटे रेडिओवर निवेदन, आणि प्रत्येक निवेदन क्रांतीचे. बगदादमध्ये गावाकडून आलेल्या गरिबांसाठी वसवलेल्या वस्तीचे नाव 'मदिनत अस-सौरा', क्रांतीनगर. पुढे ती सद्दाम नगर झाली, आज तिला सद्र सिटी म्हणतात. दमास्कसच्या सरकारी दैनिकाचे नावही 'अस-सौरा'. सरकारच क्रांती झाले की सरकारविरुद्ध उठणाऱ्याला म्हणायचे तरी काय? जानेवारी 1977 मध्ये पावासकट रोजच्या वस्तूंवरचे अनुदान कापल्यावर इजिप्शियन लोक दोन दिवस रस्त्यावर उतरले. कपात मागे घ्यावी लागली, पण राष्ट्राध्यक्ष सादात यांनी त्याला नाव दिले 'चोरांचा उठाव'. पुन्हा तोच 'हौगा'.

इथे सुदानच्या खार्तूमची आठवण ठेवलीच पाहिजे, आणि ती फारशी कुणी ठेवत नाही याचे मला दुःख आहे. ऑक्टोबर 1964 मध्ये विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. वकील, न्यायाधीश, डॉक्टर, रेल्वे कामगार, सगळ्यांनी मिळून सार्वत्रिक संप केला आणि जनरल अब्बूद यांची लष्करी राजवट संपवली. 1985 मध्ये तिथल्याच निमेरी यांच्या लष्करी राजवटीवर तीच वेळ आली. अरब जगाने लोकशक्ती 2011 मध्ये प्रथम पाहिली, हे म्हणणे म्हणूनच खरे नाही.

2011 मध्ये नवे होते ते क्रियापद. ट्युनिसियाहून निघून कैरोच्या ताहरीर चौकात घुमलेली घोषणा होती 'अश-शाब युरीद', जनतेची इच्छा आहे की ही व्यवस्था पडावी. कर्ता जनता, नेत्याचे नावच नाही. सोबत दुसरी मागणी: 'ऐश', स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. इजिप्शियन बोलीत पावाला 'ऐश' म्हणतात, आणि अरबीत त्याचा मूळ अर्थ जगणे. 14 जानेवारीला ट्युनिसियाचे बेन अली पळाले, 11 फेब्रुवारीला इजिप्तचे मुबारक गेले. इजिप्तमध्ये सत्ता मात्र लष्करी परिषदेच्या हाती पडली, आणि लोक चौक झाडून घरी गेले. कवाकिबीची अट तिथे आठवते. 2013 च्या जुलैत सैन्य उघडपणे सत्तेवर परतले, तेव्हा तो इन्किलाब की सौरा यावर एकाच घरातली माणसे भांडली.

खार्तूमने यातून धडा घेतला. 11 एप्रिल 2019 रोजी राष्ट्राध्यक्ष बशीर गेले तरी लोक लष्करी मुख्यालयासमोरून हलले नाहीत. नवा जनरल दुसऱ्याच दिवशी पायउतार झाला. लोकांचा शब्द होता 'मदनिया', मुलकी सत्ता. तरीही 3 जूनला तिथे कत्तल झाली, 2021 मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली आणि 2023 पासून दोन सेनापतींचे युद्ध सुरू झाले.

कवाकिबीच्या देशात, सीरियात, ओमर अझीझ या अर्थतज्ज्ञाने 2011 च्या अखेरीस एक टिपण लिहिले होते. राजवट पडण्याची वाट न पाहता मोहल्ल्यामोहल्ल्यात लोकांच्या परिषदा उभ्या करा, विस्थापितांना छप्पर, धान्य, औषध द्या. क्रांती रोजच्या जगण्यात उतरली पाहिजे. 2013 च्या फेब्रुवारीत तो कैदेत मेला. असाद राजवट पडलेली पाहायला तो नव्हता. ती पडली 8 डिसेंबर 2024 रोजी.

सुदानमध्ये बशीर यांच्याविरुद्ध वस्त्यावस्त्यांत प्रतिकार समित्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांतल्याच अनेक तरुणांनी युद्ध पेटल्यावर 'आपत्कालीन कक्ष' काढले. तोफांच्या माऱ्यात ती पोरे सामुदायिक स्वयंपाकघरे चालवतात, मोठ्या पातेल्यांत डाळ शिजवतात आणि भांडी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या शेजाऱ्यांना वाढतात.